शुभेच्छुकांची ओळ

मित्रांनो, मी एक जुना फ्लेक्स आहे. सध्या माझा मुक्काम सडेवाडीत, केरूकाकांच्या खळ्यात, सरपणाच्या रचीवर असतो. माझ्यावर एक वाघ आहे, एक फुटबॉल आहे, एका पोराचा हसरा चेहरा आहे आणि तळाशी ओळीने चौकोनी भोकं आहेत. ऊन खाऊन वाघाचं मांजर झालंय. तरी माझी तक्रार नाही. माझ्या बरोबरीचे बहुतेक फ्लेक्स वहाळाच्या पाण्यात कुजत पडले किंवा कुणीतरी पेटवून दिले. मी मात्र अजून कामाला येतो आहे, आणि हे ज्यांच्यामुळे झालं त्यांची हकीकत सांगायला मला आवडते.

माझा जन्म रत्नागिरी शहरातल्या एका दुकानात, मोठ्या छपाईयंत्रावर झाला. संगणकावर बसलेला माणूस रंगांच्या बाबतीत फार उदार होता. त्या हसऱ्या पोराच्या, समर्थच्या मागे त्याने वाघ बसवला, वाघाच्या मागे ढग बसवले आणि ढगांत विजा सोडल्या. वर लाल अक्षरांत लिहिलं, 'सडेवाडीचा ढाण्या वाघ समर्थ धनावडे याची मुंबईच्या व्यावसायिक फुटबॉल क्लबमध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' आणि तळाशी शुभेच्छुकांच्या फोटोंची ओळ लावली. जाता जाता त्याने सगळ्यांना एकसारखं गोरंपान करून टाकलं. उन्हातान्हात आंब्याच्या बागा राखणारी माणसं माझ्यावर अशी दिसत होती, जणू जन्मात कधी घराबाहेर पडली नाहीत.

मला नाक्यावर, विजेचा खांब आणि फणस यांच्या मध्ये बांधलं गेलं. त्या दिवशी ढोल वाजले, पेढे वाटले. समर्थ माझ्याखाली उभा राहिला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की तो एवढासा आहे. माझ्यावर त्याचा चेहराच दाराएवढा होता. खरा समर्थ एकोणीस वर्षांचा, सड्यावरच्या कातळावर खेळून गुडघे कायमचे सोललेला, लाजरा पोरगा होता. आपल्या फोटोकडे बघून तो आईला म्हणाला, "आये, ह्यो मी वाटतच नाय." गंगावहिनी नुसत्या हसल्या. त्या दिवशी त्या बागेतलं काम सोडून आल्या होत्या आणि पुन्हा पुन्हा पदराने तोंड पुसत होत्या.

पुढचे काही महिने माझे फार थाटात गेले. एसटीतून जाणारी माणसं माना वळवून बघायची. समर्थचा सामना असला की मंडळाच्या शेडमध्ये मोबाइलभोवती घोळका जमायचा आणि त्याने गोल मारला की सगळे आधी माझ्याकडे बघून ओरडायचे. मला वाटायचं, गोल मीच मारला. मित्रांनो, फ्लेक्सच्या डोक्यात हवा जायला फार वेळ लागत नाही. माणसाच्या डोक्यातही लागत नसावा.

मग ती गोष्ट घडली. मुंबईत एक सामना जिंकल्यावर समर्थ आणि त्याचे दोन-तीन जोडीदार एका इमारतीत कुणाकडे तरी पार्टीला चालले होते. गेटवरचा वॉचमन जेवायला बसला होता. गाडी आत घ्यायला त्याने मनाई केली. समर्थ प्यायलेला होता. शब्दाला शब्द वाढला आणि समर्थने त्या माणसाच्या पुढ्यातला डबा पायाने उडवला. डबा फाटकावर जाऊन आपटला, रोट्या रस्त्यावर पडल्या, आणि समर्थ दोन्ही हात वर करून 'गोल' म्हणून ओरडला. जोडीदार हसत होते. त्यांच्यातल्याच एकाने हे सगळं मोबाइलवर टिपलं आणि मौज म्हणून सगळीकडे पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर प्रत्येकाच्या हातात तो व्हिडिओ होता. माझ्यावर दाराएवढा असलेला चेहरा आता तळहातात मावत होता. मी तो वरून, लोकांच्या खांद्यांवरून पाहिला. मला फार लाज वाटली. माझ्यावर तर तोच चेहरा हसत होता, आणि हसणं थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

सडेवाडीतल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी मुंबईत वॉचमन आहे, शिपाई आहे. त्यामुळे घाव वर्मी बसला. कुणी म्हणालं, याला जन्मभर खेळू देता कामा नये. कुणी म्हणालं, पोरगा आहे, हातात पैसा आलाय, चालायचंच. दोन्ही बाजूंची माणसं माझ्याच सावलीत उभी राहून भांडत होती. मला दोघांचंही पटेना, पण काय पटेल तेही सुचेना.

त्याच दुपारी, वाडी जेवून लवंडलेली असताना, मंडळाचा अध्यक्ष हर्षद हातात ब्लेड घेऊन आला. मला वाटलं, आता माझी दोरी तुटणार. पण त्याने दोरीला हातसुद्धा लावला नाही. खाली वाकून, शुभेच्छुकांच्या ओळीतला स्वतःचा फोटो त्याने चारही बाजूंनी नीट कापला, घडी करून खिशात घातला आणि इकडेतिकडे बघत निघून गेला. थोड्या वेळाने बचत गटाच्या योगिनीताई कात्री घेऊन आल्या. मग आणखी कुणी आलं. बाबल्या रिक्षावाला आला तो घाईतच. तो बराच वेळ ओळीकडे बघत राहिला आणि पुटपुटला, "यात मी कुठला तेच कळत नाय." शेवटी त्याने अंदाजाने एक गोरापान चेहरा कापला. तो दुसऱ्याच कुणाचा तरी होता. थोड्याच वेळात त्यावरून नाक्यावर मोठं भांडण झालं आणि बाबल्याला पुन्हा येऊन स्वतःला कापून न्यावं लागलं.

संध्याकाळपर्यंत ओळीत एकच फोटो उरला, केरूकाकांचा. केरूकाका म्हणजे समर्थच्या शेजारच्या घरातले. उभा जन्म त्यांनी मुंबईत एका सोसायटीच्या गेटवर काढला होता आणि आता गावी येऊन काजू आणि दोन म्हशी सांभाळत होते. माणूस कडक. हसले तरी भिवया उतरत नाहीत. सगळ्या वाडीत संतापायचा पहिला हक्क कुणाचा असेल तर त्यांचा. पण ते दोन दिवस नाक्याकडे फिरकलेच नाहीत. तेवढ्यात कुणीतरी माझ्यावर शेण मारलं. ते बरोबर समर्थच्या डोळ्यांवर बसलं आणि उन्हात वाळून घट्ट झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी केरूकाका कोयता घेऊन आले. मी मनातल्या मनात डोळे मिटले. त्यांनी आपल्या फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. सपासप दोऱ्या तोडल्या, माझी गुंडाळी खांद्यावर टाकली आणि मला घरी आणून खळ्यात पसरलं. हाक मारली, "वयनी, जरा या हिकडं."

गंगावहिनी आल्या. मला बघून दारातच थबकल्या. "काय केलान हो माझ्या पोरानं, भावजी," एवढंच म्हणाल्या.

"वाईट केलान," काका म्हणाले. "लय वाईट. पण शेण धुऊन काढा तेवढं."

वहिनींनी बादली आणली, नारळाच्या काथ्याची किशी आणली आणि खाली बसून आपल्या पोराचा चेहरा धुवायला लागल्या. डोळ्यांवरून हात फिरवताना त्या हळूच घासत होत्या, त्याला लागेल की काय अशा. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी पाहिलं, पण असं कुणी पाहिलं नाही. त्या पाण्याचे उपकार मी विसरायचा नाही.

काकांनी मला लाकडांवर अंथरलं. हर्षदला हे कळलं तसा तो तावातावाने खळ्यात आला. "काका, तुमचा फोटो अजून तसाच हाय त्याच्यावर. लोक काय म्हणतील? तुमी तर स्वतः वॉचमन होता."

काका म्हशीला वैरण घालत होते. मान वर न करता म्हणाले, "मी शुभेच्छा दिल्या होत्या. त्या काय उसन्या दिल्या होत्या, परत घ्यायला? आणि तुमची भोकं बरी हायत. लाकडांना वारा लागतो."

हर्षद आल्या पावली निघून गेला.

शिमग्याला समर्थ घरी आला. क्लबने त्याला उरलेला हंगाम बाहेर बसवलं होतं आणि पुढे ठेवायचं की नाही ते नंतर ठरणार होतं. पालखी दारात आली तरी तो माजघरातून बाहेर आला नाही. केरूकाकांनीही त्याच्याकडे पाठ फिरवली होती. कुंपणापलीकडून तो दिसला तरी ते हाक मारीत नसत. हे मला बघवत नव्हतं. पण एका संध्याकाळी गंगावहिनींनी त्याला हाताला धरून आमच्या खळ्यात आणून उभं केलं.

"भावजी, ह्यो म्हणतो खेळणार नाय. बागेत फवारणीला जातो म्हणतो. तुमीच काय ते सांगा." आणि त्या मागच्या मागे निघून गेल्या.

समर्थ उभाच होता. काकांनी बस म्हटलं नाही. शेवटी समर्थच बोलला, "काका, माझं चुकलं. मला माफ करा."

"मी कोण माफ करणारा? माझा डबा नाय उडवलास तू."

"क्लबवाले म्हणतात, माफीचा व्हिडिओ टाक. काय बोलायचं ते पण लिहून दिलंय त्यांनी."

"कोणाची माफी?"

"सगळ्यांची. चाहत्यांची, क्लबची, वाडीची..."

"आणि त्याची?"

"त्यांची पण."

"नाव काय त्याचं?"

समर्थने मान खाली घातली. त्याला नाव माहीत नव्हतं. आणि मित्रांनो, खरं सांगतो, मलाही तेव्हाच जाणवलं, की नाव कुणालाच माहीत नव्हतं. इतके दिवस नाक्यावर एवढं भांडण झालं, लोकांनी समर्थला फाडून खाल्लं, काहींनी पाठीशी घातलं, पण ज्याच्या रोट्या रस्त्यावर पडल्या त्याचं नाव एकानेही विचारलं नव्हतं. माझ्यासारख्या नावं मिरवण्यासाठीच जन्मलेल्या फ्लेक्सच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

केरूकाका आता खाली बसले. आवाज थोडा उतरला होता. "गेटावर उभा असायचो मी. लोक गाडीतून हात करायचे, वॉचमन, दरवाजा. दिवाळीला मिठाई द्यायचे. पण नाव कोण विचारीत नसे. गावी आल्यावर वयनीनं केरूभावजी म्हणून हाक मारलान, तेव्हा मला वाटलं, मी परत आलो." त्यांनी समर्थकडे पाहिलं. "तू जा. त्याचं नाव इचारून ये. कॅमेरा नाय, मोबाइल नाय, जोडीदार नाय. एकटा जा."

"तिथं लोक मला ओळखतील, काका. मारतील."

"मारतील तर मारतील. फवारणीला जायचं की खेळायला, ते मागून बघू."

समर्थ दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेला. त्यानंतरचे दिवस मला फार लांब वाटले. गंगावहिनी बागेतून येता-जाता कुंपणापाशी थांबायच्या आणि काका नुसती मान हलवायचे. पोरगा क्लबने सांगितलेला व्हिडिओ टाकून मोकळा होईल, अशी मला धास्ती होती. तो सोपा रस्ता होता आणि त्या वयात सोपा रस्ता आधी दिसतो.

एका दुपारी काकांचा मोबाइल वाजला. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून ते नेहमी आवाज मोठा करून, मोबाइल माझ्या कडेवर ठेवून बोलतात. गंगावहिनी धावत आल्या.

"काका, नाव मिळालं," समर्थ म्हणाला.

"बोल."

"रामसमुज."

काकांनी ते नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. "काय बोलला?"

"पहिल्यांदा बोललेच नाय. मी पाया पडायला वाकलो तर मागं सरले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. म्हणाले, व्हिडिओ कोण काढतंय? मी सांगितलं, कोणी नाय, मोबाइलपण खोलीवर ठेवून आलोय. त्यांना खरंच वाटेना, काका. गाड्यांच्या मागं बघून आले. आजपण मी त्यांना फसवायलाच आलोय असं वाटलं त्यांना."

"मंग?"

"मग मी तिथंच उभा राहिलो. लय वेळ. शेवटी नाव सांगितलं. मी म्हटलं, माझं चुकलं. तर म्हणाले, माफ करायचं की नाय ते मी बघीन, तू घाई करू नको. आणि जेवायला बसले. डबा उघडला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, जेवलास काय? मी नाय म्हटलं. तर त्यांनी अर्धी रोटी मोडून माझ्या हातावर ठेवली."

पलीकडून मग फक्त हुंदके येत राहिले. गंगावहिनींनी पदर तोंडात धरला. केरूकाकांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले.

"खाल्लीस?"

"खाल्ली."

"मग आता खेळ," काका म्हणाले.

समर्थने शिक्षेचा हंगाम मुकाट्याने बाहेर बसून काढला. पुढच्या वर्षी क्लबने त्याला ठेवून घेतलं. हर्षदने नव्या फ्लेक्सची तयारी सुरू केली होती, पण समर्थने फोन करून नको म्हटलं. मला त्याचं बरं वाटलं, थोडंसं स्वार्थासाठीही. पाऊस आला की मी लाकडं कोरडी ठेवतो, त्या लाकडांवर केरूकाकांचा भात शिजतो, आणि कधीमधी समर्थ आला की त्याच्याही पानात पडतो. छापखान्यातल्या माणसापासून गंगावहिनींपर्यंत ज्यांचे ज्यांचे हात मला लागले, त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कुणाला डोक्यावर घ्याल, आणि तो कधीतरी चुकेल. तेव्हा त्याला दाराएवढा समजू नका आणि तळहाताएवढाही समजू नका. त्याने केलं ते लपवू नका. फक्त रागवायच्या आधी आणि माफ करायच्याही आधी, ज्याचा डबा सांडला त्याचं नाव विचारा.