दोन वह्यांमधली अकरा बाळं

मित्रांनो, मी प्रसूतिगृहातला एक जुना वजनकाटा आहे. पांढरं पारडं, गोल तबकडी आणि जरा हट्टी स्वभाव. तुमच्यापैकी कितीतरी जणांचं पहिलं वजन माझ्याच एखाद्या भावंडानं सांगितलं असेल. त्याच्या बदल्यात तुम्ही त्याचं पारडं कसं ओलं केलंत, ते इथं सांगत नाही.

मुख्य परिचारिकेला सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. त्या मला रोज स्वतः पुसायच्या आणि नव्या मुलींना सांगायच्या, "हा कधी खोटं बोलत नाही." मी फुशारून जायचो.

काही बाळं मात्र वेगळी यायची. कुणाच्या पाठीवर कण्यापाशी मऊ फुगवटा, तर कुणाची कवटी अर्धीच. मेंदू आणि कणा ज्या नळीपासून घडतात, ती पोटात पहिल्याच महिन्यात मिटावी लागते. ती उघडी राहिली की असं होतं. तेव्हा बऱ्याच आयांना दिवस गेल्याचंही ठाऊक नसतं.

आमच्याकडे एक चूक वर्षानुवर्षं चालत आली होती. व्यंगाचा रकाना फक्त जिवंत जन्मांच्या वहीत होता. श्वास न घेताच आलेल्या बाळांचंही वजन मी करायचो, पण त्यांची वही वेगळी होती आणि ती मोजायला कुणी उघडत नसे. मला सगळं दिसत होतं. तरी मी मूग गिळून बसलो, कारण काट्याला आकडा दाखवता येतो, तक्रार करता येत नाही.

मोठ्या बाईंना वाटायचं, ती नळी नीट मिटावी म्हणून मूल हवं असलेल्या प्रत्येक बाईला आधीपासूनच फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळाव्यात. डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते. पण वही चाळून म्हणाले, "बाई, वर्षात दोनच बाळं आहेत. दोघांसाठी एवढा खटाटोप?"

"माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ त्या दोघांत नाही, डॉक्टर. ते याच वर्षी, इथंच झालं होतं."

बाईंनी कंबर कसली. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या दोन्ही वह्या माझ्याशेजारी उघडून बसायच्या आणि एकेक शेरा वाचायच्या.

"गेलेल्यांना मोजून काय मिळणार?" आयाबाईनं विचारलं.

"पुढच्यांना गोळ्या मिळतील," बाई म्हणाल्या.

एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्या रडल्या, डोळे पुसले आणि पान उलटलं.

त्या वर्षीच्या चार हजार जन्मांत, दोन्ही वह्या मिळून, अकरा बाळं निघाली. डॉक्टरांनी पुन्हा स्वतः मोजली. "चुकलं माझं," म्हणाले आणि गोळ्यांच्या मागणीवर सही केली.

आता इथं एकच वही आहे. मी कपाटावर धूळ खातो, कारण दिव्याच्या आकड्यांचा नवा काटा आलाय. गोळ्यांनी सगळीच बाळं वाचत नाहीत, पण पुष्कळ वाचतात. यंदा पाच निघाली. बाईंना पाचही मान्य नाहीत.

मित्रांनो, उद्या तुमच्या हाती एखादी वही आली, तर एवढं करा. जे बाळ रडलं नाही, तेही मोजा.