उलटा टाका

"मशीन बंद करा, सर," ती म्हणाली. "तिसरी पाकळी बघा."

सरांनी काचेच्या नळीला डोळा लावला. आत खाऱ्या पाण्यात नाण्याएवढी झडप थरथरत होती. इतक्या वेगाने, की पंधरा वर्षांचे ठोके तिने वर्षभरात उरकावेत. त्यांनी कळ दाबली. एवढे दिवस भुणभुणणारी खोली एकदम गप्प झाली. थांबलेल्या पाकळीत, शेवटच्या टाक्यापासून निघून, केसाएवढी चीर आत शिरली होती.

सर मटकन स्टुलावर बसले. "संपलं. सहा वर्षं पाण्यात."

विद्यापीठाच्या या प्रयोगशाळेत तयार झालेलं ते कापड (सर त्याला लांबलचक रासायनिक नावाने हाक मारत, तिच्या लेखी ते कापडच) कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ होतं. त्याच्या तीन पाकळ्या कड्यावर शिवल्या की हृदयाची झडप तयार. हे काम यंत्राला जमत नव्हतं, म्हणून शर्टांच्या कारखान्यातून तिला इथे आणलं होतं.

आणि अशाच झडपेची वाट बघत तिचा नवरा घरी बसून होता. बसूनच, आडवं झालं की त्याला श्वास पुरत नसे. त्याला आधी बसवलेली, जनावराच्या पडद्याची झडप कडक झाली होती. धातूची बसवावी तर जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळ्या, आणि त्या घेतल्या की त्याच्या पोटात रक्त वाहायचं. ही चाचणी पार पडली की नवी झडप ज्यांना पहिल्यांदा बसवायची, त्यांत डॉक्टरांनी त्याला धरलं होतं. चाचणीचा उरला होता फक्त पंधरवडा.

"मटेरियलच कच्चं निघालं," सर म्हणाले. "आता गाशा गुंडाळायचा. दुसरं काय?"

चीर का गेली ते तिला ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी सरांनी बजावलं होतं: या कापडाला एका जागी एकदाच सुई. दुसऱ्यांदा टोचलं की ते माफ करत नाही. तेव्हापासून तिने शिवलेली प्रत्येक पाकळी तशीच होती. पण चाचणीला जाणारी हीच, हे कळलं आणि तिचा हात ऐकेना. कारखान्यात दोरा तोडण्याआधी एक उलटा टाका घ्यायची सवय, शिवण उसवू नये म्हणून. नवऱ्याचा जीव या दोऱ्यावर टांगलेला, आणि तो तसाच कच्चा सोडायचा? तिने त्याच भोकात पुन्हा सुई घातली होती.

गप्प राहिलं तर कुणाला पत्ता लागणार नव्हता.

"कापड चांगलंय, सर," ती म्हणाली. "तिथं मी दोनदा सुई घातलीय."

सर झडप नळीतून काढून सूक्ष्मदर्शकावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग ताडकन उठले. "अहो ताई, खरंच! टाक्यानं फाडलंय! कापडाला काही झालेलं नाही!" त्यांचा चेहरा उजळला. "वाचलो! उद्याच नवी झडप शिवा, पुन्हा लावू मशीनला."

"किती दिवस?"

"पहिल्यापासून. म्हणजे वर्ष तरी..." बोलता बोलता समोर कोण उभं आहे ते त्यांच्या ध्यानात आलं.

"त्याआधी आमच्या ह्यांना एकट्यांनाच नाही का हो बसवता येणार? सही देते ना मी. त्यांचीही आणते. तुमच्यावर काही येणार नाही, सर."

"ताई, चाचणीशिवाय कुणी हात लावणार नाही," सर म्हणाले, आणि नळीचं झाकण उगाच फिरवत राहिले.

घरी नवरा तीन उशांना टेकून होता. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान केव्हाच बंद पडलं होतं. जीभ तेवढी चालू होती.

"काय म्हणतंय आपलं मशीन?" त्याने धापा टाकत विचारलं. "लोकांच्या ट्यूबचे व्हॉल्व्ह बदलण्यात जन्म गेला, आणि माझ्या मापाचा एक मिळेना."

"कापड पक्कं निघालं," ती म्हणाली. "सर खूश आहेत."

"बघ! सांगत नव्हतो तुला?" त्याने डोळे मिटले. "अजून एक उशी दे गं. तीनवर भागत नाही आता."

चौथी उशी घरात नव्हती. तिने जुनी चादर कापली, आत त्याचे दुकानातले शर्ट कोंबले आणि तोंड शिवायला बसली. शेवटाला आल्यावर सुई क्षणभर अडली. मग तिने त्याच भोकातून एक उलटा टाका घेतला, त्यावर आणखी एक, आणखी एक.

उशीला चालत होतं.