आत्याच्या घरातले चिकट कागद

आत्याच्या अंगठ्याला आवाज होता. प्लास्टिकवरून तो हळू सरकायचा तेव्हा वाळलेल्या शेंगा चुराव्यात तशी बारीक कुरकुर व्हायची, आणि खिडकीतून तिरप्या उतरलेल्या हिवाळी उन्हात तिचा चेहरा त्या आवाजाकडे किंचित कललेला असायचा. परळीच्या बाजारात तिच्याबरोबर मीच जायचे. दुकानदार चिकट कागदांच्या गुंडाळ्या उलगडायचा. मागचा पांढरा पापुद्रा सोलला की भिंतीला, डब्याला, कपाटाला घट्ट बसणारं ते नक्षीदार प्लास्टिक. ही बाई रंगाकडे ढुंकूनही न बघता लुगड्याचा पोत पारखावा तसा एकेक तुकडा चिमटीत चोळत बसायची. मी वैतागून जायचे. हिरव्याशेजारी जांभळा लावतं का गं कुणी? ती नुसती हसायची. "राख पुसाया बरं पडतं, बाई. दिसण्याचं काय घिऊन बसलीस!"

राखेचं खोटं नव्हतं. वीज केंद्राच्या धुरांड्यांची ती करडी, निःशब्द धूळ आमच्या परळीत सकाळी पुसावी तर दुपारी पुन्हा हजर. त्यामुळे आत्याच्या दोन खोल्या वर्षागणिक त्या कागदांनी मढत गेल्या, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. दाराच्या चौकटीला फोमच्या फुगीर विटा, मिठाच्या डब्याला उठावाची फुलं, साखरेच्या डब्याला गुळगुळीत संगमरवर, आणि ओट्यावर शेगडीच्या भोवती चमकीचा खरखरीत पट्टा. इतकं बटबटीत घर मी जन्मात पाहिलं नव्हतं! त्या रंगांच्या गर्दीतून ती भरली घागर घेऊन चालावं तशी सावकाश वावरायची, एक हात कायम भिंतीला. मला वाटायचं, ती राख तपासते.

पुण्याहून संदीपदादाचा, म्हणजे तिच्या मुलाचा, दर रविवारी फोन यायचा. आई, एकटी राहू नकोस, इकडे ये. आत्याचं उत्तर ठरलेलं. "हितं माझा वटा हाय, माझी शेगडी हाय. तितं मी कुणाच्या घरात पाव्हणी म्हणून बसू?" नवरा गेल्यावर उरलेलं सगळं आयुष्य तिने त्या दोन खोल्यांत, कुणाचा हात न धरता, स्वतःच्या हाताने शिजवून खाण्यात मोठ्या मानाने वेचलं होतं. हे मला ठाऊक होतं. पूर्ण ठाऊक होतं, आणि तरी मी ते केलं.

मी नेकनूरच्या शाळेत शिकवायचे, तिथून दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे गेले होते. शेजारणी तिला जीपने कपिलधारला देवदर्शनाला घेऊन गेल्या, आणि मला हुक्की आली. गरम पाणी, रॉकेल, सुरी. सकाळपासून मी घर सोलत राहिले. डिंकाचा डागसुद्धा ठेवला नाही. डबे बदलून सगळे एकसारखे स्टीलचे आणले, ओळीने मांडले, आणि दिवेलागणीला तिच्यासाठी शेगडीवर तवा ठेवून, स्वतःवरच खूश होऊन उभी राहिले.

ती आली. चौकटीकडे उचललेला हात हवेतच थबकला. उघड्या लाकडावरून तिचा तळवा वर गेला, खाली आला; मग भिंत, मग फळी, मग ओट्याची कड, घाईने, अगदी परक्या गावात चुकल्यासारखा. डोळे सताड उघडे होते तिचे. तवा समोर होता, मी समोर होते. मी ओरडेपर्यंत तिचा उजवा तळवा तव्यावर टेकला होता.

"पोरी," ती कळवळून म्हणाली, "हे कोणाचं घर हाय?"

तिला दिसत नव्हतं! किती वर्षं, देव जाणे. ती सगळी बेंगरूळ नक्षी म्हणजे तिची दृष्टी होती, बोटांनी वाचायची वाट होती, आणि ती मी माझ्या हातांनी खरवडून कचऱ्यात टाकली होती. हात झडले का नाहीत माझे! भाजलेला तळवा पाण्यात बुडवून ती हळूच म्हणाली, "संदीपला सांगू नको. न्हेईल तो मला."

पण तो हात लपणारा नव्हता. शेजारणींनी कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी संदीपदादा आला. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. गेलेली नजर आता परत येणार नाही. दादा रडवेला होऊन तिला विचारत होता, इतकी वर्षं निभावलंस, मग आताच कसं भाजलं? मी शेजारीच उभी होते. आत्या शांतपणे म्हणाली, "मीच काढले रे ते कागद. लई जुने झालते."

तिसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली. तिथे तिला ओट्याजवळ कुणी जाऊ देत नाही. सून चांगली आहे, ताट हातात आणून देते. ऋतू सरतात, माणूस डोळ्यांसमोर बसलेलं असतं आणि तरी हरवलेलं असतं, हे तिच्याकडे गेले की कळतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हाताच्या डागाबद्दल विचारलं की आजही ती तेच सांगते, कागद माझी मीच काढले. आणि मी तिच्या शेजारी बसून ते ऐकून घेते.