तेजस्वी मोटार वाइंडिंग, चामटोली

मधु भोपी यांच्या घरी पहिली मुलगी झाली आणि बाराव्या दिवशी तिचे नाव तेजस्वी ठेवले, ते साल १९९७. त्याच आठवड्यात मी तयार झाले. मित्रांनो, मी त्यांच्या दुकानावरची पत्र्याची पाटी आहे. चार फूट लांब, दोन फूट उंच, आणि आता बरीच जुनी.

त्याआधी मी आनंदनगरच्या एका कारखान्यात विजेच्या पॅनेलचे दार होते. तिथे मधु जळालेल्या मोटारी भरायचे काम करत. पॅनेल भंगारात निघाले तेव्हा त्यांनी मला मागून घेतले आणि सायकलला बांधून बदलापूरजवळच्या चामटोलीला आणले. विठ्ठलवाडीहून एक पेंटर आला. त्याने मला पिवळा रंग दिला आणि वर लाल अक्षरांत लिहिले, 'तेजस्वी मोटार वाइंडिंग, चामटोली'.

मधुंचे धाकटे भाऊ हरिचंद्र बाजूला उभे होते. ते हसले.

"पोरीचा नाव कशाला टाकतंस, दादा? ती उद्या दुसऱ्याचे घरा जाईल."

"ती जाईल," मधु म्हणाले. "पाटी थोरीच जानार हाय?"

वाइंडिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. शेतातला पंप किंवा पिठाच्या गिरणीची मोटार जळते, तेव्हा आतली तांब्याची तार काळी पडते. ती सगळी काढायची, तिचे वेढे मोजायचे, नव्या तारेचे नेमके तितकेच वेढे घालायचे, वर वार्निश पाजून सुकवायचे. एक वेढा चुकला तरी मोटार गरम होते. मधु वेढे मोठ्याने मोजत. त्यामुळे शंभरापर्यंतचे आकडे मला अक्षरांच्या आधी आले.

अक्षरे मला येत नव्हती. अंगावर असून येत नव्हती. मधुंची बायको तुळशी चाळिशीला आली तेव्हा गावात प्रौढांचा वर्ग निघाला. तुळशी दुपारी भांडी घासून झाल्यावर माझ्यासमोर उभी राहायची आणि बोट हवेत फिरवून म्हणायची, "ते... ज... स्वी." सहा महिने तिने हेच केले. ती वाचायला शिकली आणि तिच्याबरोबर मीही शिकले.

त्या काळी मला शोधत लोक यायचे. एसटीतून उतरायचे, चहावाल्याला विचारायचे, तो म्हणायचा, "सरळ जा, पिवळी पाटी दिसेल." उल्हास नदीला मोठा पूर आला त्या वर्षी दुकानाबाहेर चिखलाने भरलेल्या मोटारींची रांग लागली होती. लोक माझ्याखाली उभे राहून मधुंचे कौतुक करत. ते मी ऐकत असे. बरे वाटत असे, असे म्हणायला हरकत नाही.

मग लोकांनी चहावाल्याला विचारणे बंद केले. ते फोनला विचारू लागले. फोनला मी माहीत नव्हते.

२०२३ साली मधुंना लकवा मारला. उजवा हात गेला, तोंड वाकडे झाले. तेजस्वीने अंबरनाथच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घेतले होते आणि ती आनंदनगरला नोकरी करत होती. नोकरी सोडून ती दुकानात बसली. मधु दाराशी खुर्चीत बसत आणि तिच्या हाताकडे बघत. काम तिला येत होते. काम येत नव्हते ते गिऱ्हाइकांकडून.

दुकानाची अर्धी जागा हरिचंद्रांची होती. २०२४ च्या दसऱ्याला ते आले आणि खुर्चीतल्या भावाकडे न बघता तेजस्वीला म्हणाले, "तेजू, मी अक्षय्य तृतीयेपत्तर बघतंय. गिऱ्हाईक आला त ठीक. नाय त हा गाला फरशीवाल्याला देतंय. तुना नोकरी हाय."

"नोकरी सोडली मी, काका."

"मंग परत धर."

मधुंनी डावा हात उचलला आणि परत मांडीवर ठेवला. त्यांना काय म्हणायचे होते ते कोणी विचारले नाही.

दिवाळीत तेजस्वीने उल्हासनगरहून विनीत नावाच्या माणसाला बोलावले. फोनवरच्या यादीत दुकाने वर आणून देणे हा त्याचा धंदा होता. तो माझ्याखाली उभा राहिला आणि फोन तिच्यासमोर धरला.

"देखो ताई. 'मोटार वाइंडिंग बदलापूर' टाकलं. तुम्ही कुठे? खाली... अजून खाली... पानच संपलं."

"पण दुकान तर इथेच आहे. सत्तावीस वर्षं."

"इथे असून काय फायदा? फोनला माहीत पाहिजे ना. नाव बदला. काम टाका, तिन्ही गावं टाका, शेवटी निअर मी टाका. लोक तेच टाइप करतात. आणि नकाशावरची खूण बदलापूर स्टेशनजवळ ठेवू. चामटोलीत कोण शोधतो?"

तुळशी आतून आली. "निअर मी म्हंजी काय गो?"

"माझ्याजवळ, आई."

"कोनाचे जवल?"

"जो शोधतो त्याच्या."

"मंग त्याला कसा समजंल आपला घर कुठं हाय?"

विनीत हसला. आठवड्याभराने नवा फ्लेक्स आला. 'बेस्ट मोटार पंप वाइंडिंग बदलापूर अंबरनाथ उल्हासनगर निअर मी'. सहा स्क्रूंनी तो माझ्या तोंडावर बसवला. त्यानंतर मला रस्ता दिसला नाही. पुढचे मी फक्त ऐकले.

फोन येऊ लागले, हे खरे आहे. दुकान यादीत वर आले. पण एक दिवस उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारचा एक माणूस फोनवर इतका ओरडत होता की मला फ्लेक्सच्या मागे ऐकू येत होते. "मॅडम, स्कूटरवर मोटार घेऊन तासभर स्टेशनजवळ फिरतोय! तुमच्या खुणेवर चष्म्याचं दुकान आहे! चष्मा घालून मोटार भरू का?"

"तुम्ही चामटोलीला या ना, दहा-पंधरा मिनिटं."

"राहू द्या."

असे बरेच जण परत गेले. तेजस्वी विनीतला म्हणाली, "खूण घरी आणा." विनीत म्हणाला, "मग नंबर खाली जाईल. त्यापेक्षा रिव्ह्यू वाढवा. पाच स्टारवाले पाहिजेत, भरपूर."

फेब्रुवारीत भूपेशची हळद होती. भूपेश म्हणजे हरिचंद्रांचा मुलगा, तेजस्वीचा चुलत भाऊ. मांडव आमच्याच अंगणात होता. दिव्यांच्या माळेचे एक टोक माझ्या खिळ्याला बांधले होते. आमच्याकडे हळदीला सगळे गाव जेवते आणि नाचते. संध्याकाळी हळद लागली आणि डीजेवाल्याच्या माईकवरून भूपेशचा आवाज आला.

"मंडली, मना आहेर नको! पाकीट नको, भांडा नको! माजे तायचे दुकानाला पाच स्टार द्या! मांडवाचा वायफाय फुकट हाय!"

लोकांनी आरोळी ठोकली. मामा, मावशा, काक्या, करवल्या, सगळ्यांनी फोन काढले. ज्यांना येत नव्हते त्यांचे फोन पोरींनी घेतले. एक आजी म्हणाली, "माजे पन दोन टाक, एक माजा आनि एक म्हाताऱ्याचा." साठ जणांनी पाच-पाच स्टार दिले. तेजस्वी हसत होती. तिला इतके हसताना मी त्या वर्षात ऐकले नव्हते.

चार दिवसांनी दुकान फोनवरून नाहीसे झाले. यादीत खालीही नव्हते. कुठेच नव्हते.

तिने विनीतला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"किती जणांनी दिले?"

"साठ."

"एकाच संध्याकाळी?"

"हो. हळद होती."

"एकाच वायफायवरून?"

"मांडवाच्या."

"नकाशावाल्या कंपनीला ते नकली वाटले, ताई."

"नकली कसे? सगळी खरी माणसं आहेत. माझे मामा, काका आहेत."

"त्यांच्या मोटारी भरल्या का तुम्ही?"

विनीतने ते रिव्ह्यू वाचून दाखवले. एकाने लिहिले होते, 'हळद एक नंबर.' दुसऱ्याने लिहिले होते, 'मटन भारी, भात थोडा कच्चा.' मधुंच्या घशातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की कसला, ते फ्लेक्समागून मला कळले नाही.

कंपनीचे पत्र आले. तेजस्वीने ते वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. दुकान खरे आहे हे दाखवा. एकच सलग व्हिडिओ काढा. त्यात रस्ता दिसावा, पाटी दिसावी, आत काम करताना तुम्ही दिसावे. पाटीवरचे नाव आणि कागदावरचे नाव एक असावे.

वीजबिलावर आणि दुकानाच्या दाखल्यावर नाव होते, 'तेजस्वी मोटार वाइंडिंग'.

तिने स्टूल आणले आणि सहा स्क्रू काढले. फ्लेक्स खाली पडला आणि मला पुन्हा रस्ता दिसला. स्क्रूंच्या भोकांतून पाणी गेले होते. 'ते' आणि 'ज' गंजले होते. नावातले 'स्वी' तेवढे शाबूत होते. तेजस्वी बराच वेळ माझ्याकडे बघत उभी होती. मग आत जाऊन कॉइल भरायला बसली. रंगाचा डबा तुळशीने आणला. गंज घासून काढला, पिवळा लावला, तो सुकू दिला, आणि लाल रंगाने दोन अक्षरे लिहिली. ती पेंटरसारखी सरळ आली नाहीत. पण वाचता येतात.

पहिला व्हिडिओ मार्चच्या शेवटी काढला. तेजस्वी रस्ता दाखवत माझ्यापर्यंत आली, तेवढ्यात हरिचंद्र बरोबर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "काय गो, शूटिंग चाललाय? मना हिरो घे." कंपनीने तो व्हिडिओ परत पाठवला. पाटी नीट दिसत नाही, असे कारण दिले. हे कळल्यावर हरिचंद्र दोन दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत.

नकाशावरची खूण तेजस्वीने स्वतः चामटोलीत आणून ठेवली. नाव साधे केले. उघडण्याची आणि बंद करण्याची खरी वेळ लिहिली. गावांची, निअर मीची सगळी भरती काढून टाकली.

८ एप्रिलला दुसरा व्हिडिओ झाला. या वेळी हरिचंद्र रस्त्यात हात आडवे करून उभे राहिले आणि त्यांनी एक टेम्पो आणि तीन रिक्षा थांबवल्या. तेजस्वीने रस्ता दाखवला, मला दाखवले, बिल दाखवले. मग फोन तुळशीच्या हातात दिला आणि कॉइल भरायला बसली. दाराशी मधु होते. त्यांनी वेढे मोजायला सुरुवात केली. वाकड्या तोंडाने, अडखळत, पण मोठ्याने. एकोणीसपर्यंत मोजले. ते सगळे त्या व्हिडिओत गेले.

दोन दिवसांनी शटर खाली आले. तुळशीने खुर्ची आत नेली. घरात सुतक होते.

सतरा तारखेला दुकान फोनवर परत आले. शटर बंदच होते. फोन वाजायचा आणि थांबायचा. मी ऐकत होते. मला काही वाटले नाही. त्या दिवसांत तिथे कोणालाच काही वाटत नव्हते. तुळशी ओट्यावर बसायची आणि समोर बघायची. तेजस्वी फोनवर दुकानाची वेळ बदलून 'तात्पुरते बंद' असे लिहून भाताचे पातेले घासत बसली.

दहाव्याला पाहुणे जमले. कोणीतरी भूपेशला म्हणाले, पोरीसाठी परत सगळे मिळून चार शब्द लिहू. हरिचंद्रांनी डोके भादरले होते. ते म्हणाले, "हितून कोनी कायपन लिवायचा नाय. आपापले घरा जावा. ज्यांची मोटार दादानं नाय त तेजूनं भरली, त्यांनीच लिवा. काय जाला, कसा जाला, ते खरा लिवा."

त्या महिन्यात सात जणांनी लिहिले. एका वांगणीच्या शेतकऱ्याने लिहिले, 'मोटार दोन वर्षे चालू आहे. मुलीने भरली. वेळेवर दिली नाही, पण चांगली दिली.' त्याने चार स्टार दिले. तेजस्वीने त्याला उत्तर लिहिले, 'उशीर झाला, मान्य आहे.'

३० एप्रिलला, अक्षय्य तृतीयेला, हरिचंद्र आले. दुकानात पाच मोटारी जमिनीवर होत्या आणि सहावी एक रिक्षावाला उतरवत होता. हरिचंद्रांनी तिची एक बाजू धरली आणि आत नेऊन ठेवली.

"फरशीवाल्याला नाय सांगितला मी," ते म्हणाले.

"बरं, काका."

फोन वाजला. पलीकडून कोणी विचारले, मधुशेठ आहेत का. तेजस्वी म्हणाली, "मी त्यांची मुलगी. किती हॉर्सपॉवरची आहे? जळाल्याचा वास येतो का? घेऊन या. फोनवर खूण आहे तिथेच दुकान आहे."

मित्रांनो, मला फार सांगता येत नाही. दुकान जिथे असेल तिथेच दाखवा. त्याचे जे नाव असेल तेच लिहा. कोणी तुमचे काम नीट केले असेल तर घरी गेल्यावर, सावकाश, दोन खरी वाक्ये त्याच्यासाठी लिहा. ती कोणाच्या तरी उपयोगी पडतात. आणि पाटीला दर दोन वर्षांनी रंग द्या. गंज एकदा आत गेला की थांबत नाही.

माझ्यावर मुलीचे नाव आहे, बापाचे कधी नव्हते. म्हणून ते इथे सांगते. मधु भोपी, वय चौसष्ट, १० एप्रिल २०२५ रोजी, गुरुवारी सकाळी, चामटोलीत राहत्या घरी वारले.