आधी पाहुणा, मग खुशालराव

मूर्तिजापूरच्या अलीकडे, अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या गाडीवाटेला लागून खुशालरावांचं शेतातलं घर होतं. मातीच्या भिंती, पुढे लांब पडवी आणि गोड्या पाण्याची विहीर. घराचा नेम एकच: दारात आलेला पाहुणा जेवल्याशिवाय घरधन्याने घास घ्यायचा नाही. खुशालरावांच्या आजोबांनी तो पाळला, वडिलांनी पाळला. तेव्हा पाहुणा महिन्या-दोन महिन्यांनी एखादा यायचा, त्यामुळे नेम पाळणं आणि पोटभर जेवणं दोन्ही जमून जायचं.

मग साता समुद्रापलीकडे भावाभावांत लढाई जुंपली. तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. भांडण कशावरून होतं हे इकडे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण ते लवकर मिटू नये असं पुष्कळांना वाटे. कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रीघ लागली. प्रत्येक बंडीवाला बैलांना पाणी दाखवायला विहिरीवर थांबे आणि खुशालराव प्रत्येकाला हाताला धरून पडवीत बसवत. एक पंगत उठते न उठते तोच वाटेवर दुसरी धूळ दिसे. म्हातारा सकाळी गंध लावून बसे तो दिवेलागणीपर्यंत उपाशी. भाव चढत गेला तसे खुशालराव उतरत गेले.

सून सुभद्रा भाकरी थापता थापता दाराआडून हे बघे. ती या घरात आली तेव्हा परकरी पोर होती. सासू आधीच गेलेली, म्हणून तव्यावरची भाकरी कशी उलटायची हे तिला सासऱ्यानेच शिकवलं होतं, आजूबाजूला कोणी बघत नाही ना हे बघून. आता सासऱ्याच्या त्याच हातातलं चांदीचं कडं मनगटावरून कोपराकडे सरकत होतं. तिने नवऱ्याला, वामनरावांना, सांगून पाहिलं. त्यांनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि ते बैल सोडायला गेले. तिने दुधाचा पेला पुढे केला, तर तो पाहुण्याकडे गेला.

फाल्गुनात एका दुपारी खुशालराव विहिरीवर भोवळ येऊन खाली बसले. वलगावच्या नत्थुजी बंडीवाल्याने त्यांना उचलून पडवीत आणलं. कापसाचा बोझाही यांच्याहून जड असतो, असं तो सहज बोलून गेला. सुभद्राला रात्रभर झोप आली नाही.

नत्थुजी मुक्कामाला राहिला होता. दुसऱ्या दिवशी तो पानावर बसला तेव्हा तिने दाराआडून सांगितलं, "भाऊ, आजपासून जेवनाचा पैसा पडते."

नत्थुजीचा हात भाकरीवरच थांबला. बैलांनीसुद्धा रवंथ थांबवल्यासारखं वाटलं.

"या घरानं बैल इकले, एकदा वावर इकलं," खुशालराव हळूच म्हणाले. "अन्न नाही इकलं, सुभद्रे."

सासऱ्यापुढे सुभद्रा कधी सबंध वाक्य बोललेली नव्हती. ते तिने आता बोलून घेतलं.

"मामाजी, पैसा देते तो पाहुना नाही, गिऱ्हाईक हाय. गिऱ्हाइकासाठी उपाशी राहाचं असा आपला नेम नाही. तुमी जेवून घ्या."

खुशालरावांनी नेम मनातल्या मनात उलटापालटा करून पाहिला. सुनेच्या बोलण्यात खोट सापडेना. नत्थुजीने कंबरेचा पैसा काढला आणि उंबरठ्यावर मुद्दाम वाजवून ठेवला.

"मले गिऱ्हाईकच समजा, बाबाजी. पाहुना असतो त भाजीत मीठ कमी हाय असं म्हटलं नसतं."

"कवा म्हटलं तू?"

"हे काय, आता म्हनून राहिलो."

खुशालराव हसले नाहीत. ते उंबरठ्यावरच्या पैशाकडे बघत होते. मग दाराकडे तोंड करून त्यांनी विचारलं, गिऱ्हाइकाले हाताले धरून बसवलं त चालते का? चालते, असं आतून उत्तर आलं. त्याले गाव, मामकूळ इचारलं त? तेही चालते.

"मंग माहं ताट त्याच्याजवळ मांड," ते म्हणाले. "एकट्यानं जेवाची मले सवय नाही."

ऊन अजून अंगणात होतं. वलगावच्या नत्थुजीचा मामा कुठला, याची चौकशी करत करत खुशालरावांनी पहिला घास घेतला. पुढे सगळी वाट त्या घराला खानावळ म्हणू लागली, पडवी वाढली, बंड्यांसाठी मांडव पडला. पण त्या दुपारी सुभद्राला यातलं काही दिसत नव्हतं. तिला फक्त सासऱ्याची दुसरी भाकरी दिसत होती, आणि तिसरी तव्यावर होती.