टाकीखालची परात

शनिवार सकाळ. रात्रभर बर्फ पडून गेला होता आणि उत्तराने स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या टाकल्या होत्या. अनय जाकीट घालून दूध पीत बसला होता.

"आई, इट्स फ्रीझिंग."

"थोडा वेळ, राजा. मग बंद करते."

"यू डू धिस एव्हरी सॅटर्डे."

मुलगा खोटं बोलत नव्हता. महिनाभर दर शनिवारी असंच चाललं होतं. आधी खिडक्या उघडायच्या. मग घरभर उदबत्ती फिरवायची, बेसमेंटच्या जिन्यात कापूर जाळायचा आणि शेवटी शेगडीवर भरपूर हिंग-लसणाची फोडणी करायची, मग ती कशावर घालायची हे नंतर बघायचं. एवढं झालं की उल्काकाकूंची गाडी दारात यायची.

काकू या घराच्या मालकीण. लहान मुलांच्या डॉक्टर म्हणून उभं आयुष्य न्यू जर्सीत काढलं, आता निवृत्त. यजमान गेल्यावर त्या जवळच एका फ्लॅटमध्ये राहायला गेल्या आणि आयसेलिनमधलं हे जुनं घर त्यांनी भाड्याने दिलं. उत्तरा आणि विवेक नागपूरहून आले तेव्हा त्यांना इथे कोणी ओळखत नव्हतं. इथल्या कर्जफेडीची नोंद, म्हणजे क्रेडिट हिस्टरी, नाही म्हणून घरं नाकारली जात होती. मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात काकू भेटल्या, चार प्रश्न विचारले आणि दुसऱ्या दिवशी किल्ली हातात ठेवली. अनय त्या वर्षी दोन शाळा बदलून तिसऱ्या शाळेत आला होता आणि घराबाहेर तोंडच उघडत नव्हता. काकूंनी त्याला दर शनिवारी मराठी वाचायला शिकवायचं ठरवलं. शिकवता शिकवता मुलगा बोलायला लागला. आता तर गप्प बसवावं लागे.

अशा बाईकडे तक्रार कशी करायची?

तक्रार होती वासाची. न्यू जर्सीतल्या कितीतरी जुन्या घरांसारखं हे घरही तेलावर तापायचं. बेसमेंटमध्ये एक भलीमोठी पोलादी टाकी होती आणि तिच्या शेजारी भट्टी. थंडीच्या दिवसांत तेलाचा ट्रक येई, बाहेरच्या नळीतून टाकी भरून जाई. ख्रिसमसच्या सुमारास बेसमेंटमध्ये रॉकेलसारखा वास यायला लागला. विवेकने टॉर्च घेऊन पाहिलं, तर टाकीच्या पोटाखाली पोळीएवढा काळपट डाग.

"मेल टाकू या काकूंना," तो म्हणाला होता.

"मेल? त्यांनी कालच डिंकाचे लाडू पाठवलेत."

"लाडवांचा काय संबंध, यार?"

"तू टाक मग मेल. लिही, लाडू मिळाले, छान होते, तुमची टाकी गळते."

विवेकने मेल टाकला नाही. कारण दोघांनाही दिवाळीचा फराळ आठवत होता. याच टेबलाशी बसून, चकली मोडता मोडता काकू म्हणाल्या होत्या, "आता या घराचं एकही मोठं काम निघालं ना, की मी विकून मोकळी होणार. बॉस्टनहून मुलगा रोज तेच सांगतो." त्या सहज बोलून गेल्या आणि चहा मागितला. पण उत्तराने ते वाक्य धरून ठेवलं होतं. घर विकलं गेलं तर पुन्हा शोधाशोध, पुन्हा नवी शाळा. अनय पुन्हा गप्प झाला तर?

डाग तेवढाच राहील, उन्हाळ्यात बघू, असं दोघांनी ठरवलं. आणि गंमत म्हणजे काकू दर शनिवारी यायच्या, शिकवायच्या, जायच्या, वासाबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत. कापूर कामाला आला, असं उत्तराला वाटायचं.

त्या शनिवारीही काकू आल्या. अनय पुस्तक उघडून बसला. विवेक ओक ट्री रोडवर किराणा आणायला गेला होता. फोडणी मुगाच्या डाळीवर घातली तेव्हा तांदूळ संपल्याचं उत्तराच्या लक्षात आलं. तांदळाची पिशवी बेसमेंटमधल्या फळीवर होती.

खाली दिवा लावला आणि ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबली. डाग आता पोळीएवढा राहिला नव्हता. तो चटईएवढा पसरला होता आणि त्याला एक शेपूट फुटून ती फरशीतल्या जाळीच्या दिशेने निघाली होती. बेसमेंटमध्ये पाणी साचलं तर वाहून जावं म्हणून ती जाळी असते. तिच्याखाली थेट माती. तेल आणि जाळी यांच्यात वीतभर अंतर होतं. वर बघितलं तर टाकीच्या तळाशी एक थेंब धरत होता. धरला, लांबला, पडला. लगेच दुसरा धरायला लागला.

वरून अनयचा आवाज येत होता. तो 'कासव' हा शब्द तोडून तोडून वाचत होता.

तांदूळ न घेताच उत्तरा वर गेली.

"काकू," ती म्हणाली, "टाकी गळतेय. आजची नाही, महिना झाला. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही."

काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "किती गळतेय?"

"थेंब थेंब. पण आता जाळीपर्यंत येतंय."

"इट्स स्टिंकी डाउन देअर," अनयने माहिती पुरवली. "दॅट्स व्हाय मॉम बर्न्स दॅट व्हाइट थिंग."

काकू उठल्या. गुडघ्यांमुळे त्या जिना आडव्या होऊन, एक एक पायरी उतरायच्या. उतरण्याआधी त्यांनी जिन्याच्या तोंडाशी असलेलं लाल बटण बंद केलं आणि खाली भट्टीची घरघर थांबली. दोन वर्षं ते बटण कशाचं आहे हे उत्तराने विचारलंच नव्हतं.

खाली जाऊन त्यांनी सगळं एकदा नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझी कणकेची परात आण. मोठी. आणि शेजारच्या लिंडाकडे जा. तिच्याकडे मांजरांची वाळू असते, पिशवी दे म्हणावं. तेल शोषते ती."

उत्तराने सासूबाईंनी दिलेली स्टीलची परात आणून टाकीखाली सरकवली. पहिला थेंब टण्ण करून पडला. लिंडा नुसती पिशवी देऊन थांबली नाही, बर्फाचे बूट घालून स्वतःच आली आणि तिने काकूंच्या सांगण्यावरून जाळीभोवती वाळूचा छानसा बांध घातला. "माझ्या मांजरांना सांगणार नाही," असं इंग्रजीत म्हणून ती हसली. अनयला ती कल्पना फारच आवडली.

काकू फोनवर होत्या. आधी तेलाच्या कंपनीला, मग राज्याच्या पर्यावरण खात्याला. तेल सांडलं की तिकडे कळवावंच लागतं. उत्तरा कान देऊन ऐकत होती. "होय, माझं घर," काकू सांगत होत्या. "होय, माझीच टाकी. जुनी झाली होती, मीच बदलायला हवी होती." भाडेकरूंनी उशिरा सांगितलं हे त्या म्हणाल्या नाहीत. उत्तराने वाट पाहिली, पण शेवटपर्यंत म्हणाल्या नाहीत.

फोन ठेवल्यावर त्या पुन्हा टेबलाशी येऊन बसल्या, अनयसमोर. घर एव्हाना गार पडायला लागलं होतं.

"आजी, हू ब्रोक इट?" अनयने विचारलं.

"मराठीत."

"टाकी कोणी... तोडली?"

"बघू या हं कोणी तोडली." काकूंनी काचेचा ग्लास मागितला, अर्धा पाण्याने भरला आणि वरून चमचाभर गोडं तेल ओतलं. "काय झालं?"

"ऑइल वर आलं."

"आणि पाणी?"

"खाली."

"टाकीतही तसंच. तेल अर्धं संपलं की वरच्या रिकाम्या जागेत हवा येते. हवेत ओल असते. गार पत्र्यावर तिचे थेंब होतात, जसे तुझ्या खिडकीच्या काचेवर होतात. ते पाणी तेलातून खाली जाऊन तळाशी बसतं. वर्षानुवर्षं बसतं. लोखंड पाण्यात ठेवलं तर काय होतं?"

"रस्ट."

"गंज. तो आतून चढतो. बाहेरून टाकी एकदम ठणठणीत दिसते."

अनयने ग्लास डोळ्यांसमोर धरून बराच वेळ पाहिला. "म्हणजे कोणीच नाही तोडली."

"कोणीच नाही."

उत्तरा ओट्याकडे तोंड करून डाळ ढवळत राहिली. डाळ केव्हाच शिजली होती.

विवेक पिशव्या घेऊन आला तो दारातच उभा राहिला. जाकीट घातलेला मुलगा, शेजारची लिंडा, आणि टेबलाशी बसलेल्या काकू. त्याला काही सांगावं लागलं नाही.

"काकू, माझीच चूक आहे," तो म्हणाला.

"बस आधी. मला एक सांग, तेलाच्या टाकीच्या डोक्यावर कापूर जाळायची आयडिया कोणाची?"

"माझी," उत्तरा म्हणाली. "तुम्हाला वास येऊ नये म्हणून."

काकू तिच्याकडे पाहतच राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं, असं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अगं, कोविड झाल्यापासून मला वासच येत नाही. कापूर काय नि कांदा काय, मला सगळं सारखंच. तू इतके दिवस कोणासाठी एवढी फोडणी घालत होतीस?"

विवेकने तोंडावर हात ठेवला. उत्तरालाही हसू आलं, पण अर्ध्यावरच थांबलं, कारण काकू आता हसत नव्हत्या.

"एक विचारू? मी नुसती घरमालकीण असते, ओळख ना पाळख, तर तुम्ही काय केलं असतं?"

"त्याच दिवशी मेल केला असता," विवेक म्हणाला.

"फोटो लावून?"

"फोटो लावून."

"आणि मी काकू, म्हणून महिनाभर खिडक्या उघड्या टाकून मुलाला गारठवलंत."

"तुम्हाला घाबरत होतो असं नाही, काकू," उत्तरा म्हणाली. "भीड वाटली. तुम्ही आमच्यासाठी इतकं केलंत. त्यात तुम्ही म्हणालात, मोठं काम निघालं तर घर विकणार."

"मी म्हणाले?"

"दिवाळीत. चकली खाताना."

काकूंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांना ते आठवत नव्हतं, हे उत्तराला दिसलं. पण "छे, मी कुठली विकते" असंही त्या म्हणाल्या नाहीत. खोटा धीर द्यायची त्यांची सवय नव्हती. त्या एवढंच म्हणाल्या, "तेल मातीत उतरलं असेल तर घर मी ठेवते की विकते हा प्रश्नच राहणार नाही. जमीन खणावी लागेल, तुम्हालाही निघावं लागेल. तपासणी होऊ दे. आता कपडे भरा. या थंडीत इथे झोपायचं नाही, माझ्याकडे चला."

तपासणी होईपर्यंतचे दिवस उत्तराला फार लांबले. काकूंच्या फ्लॅटमध्ये अनय बाहेरच्या खोलीत गादीवर झोपायचा आणि विवेक तिथूनच कामाला जायचा. काकूंनी त्यांना पाहुण्यांसारखं ठेवलं नाही. भाजी निवडायला बसवलं, डिशवॉशर रिकामा करायला लावला, आणि त्यामुळेच उत्तराला तिथे श्वास घेता आला. तिकडे कंपनीच्या माणसांनी उरलेलं तेल उपसलं, टाकी कापून तुकड्यांनी बाहेर नेली, फरशीला भोक पाडून खालची माती काढून तपासायला पाठवली.

निकालाचा फोन आला तेव्हा काकू कणीक मळत होत्या. त्यांनी कोपराने फोन स्पीकरवर टाकला. माती स्वच्छ होती. तेल वरच्या काँक्रीटमध्येच मुरलं होतं. जाळीत गेलं असतं तर गोष्ट वेगळी होती, असं पलीकडचा माणूस म्हणाला.

उत्तरा स्टुलावर बसली. मग ती उठून काकूंच्या पाया पडायला वाकली, तशी काकू म्हणाल्या, "अगं, कणकेचे हात आहेत, आशीर्वाद तरी कसा देऊ?" आणि दिला, कणकेच्याच हाताने.

"घर विकणार का तुम्ही?" उत्तराने खालूनच विचारलं. विचारल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

"विकणार होते," काकू म्हणाल्या. "एजंटशी बोलणंही झालं होतं. पण गेल्या आठवड्यात विचार केला, विकून मी शनिवारी जाऊ कुठे? रस्त्यापर्यंत गॅसची लाइन आलेली आहे, ती आत घेते. तेलाची टाकी आता नको. अनय मिडल स्कूलला जाईपर्यंत राहा, पुढचं पुढे. तसं लिहून देते."

"काकू, तुमचे उपकार..."

"ते राहू दे. माझी एक अट आहे. दर शनिवारी शिकवणीच्या आधी मी घरमालकीण. तेव्हा मला काकू म्हणायचं नाही, चहा द्यायचा नाही, घरात जे बिघडलंय ते सांगायचं. भीड नाही."

काही आठवड्यांनी सगळे घरी परतले, त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी घर गॅसवर तापत होतं आणि खिडक्या बंद होत्या. काकू आल्या, कोट काढला, टेबलाच्या टोकाशी ताठ बसल्या.

"बोला," त्या म्हणाल्या.

उत्तराने विवेककडे पाहिलं. विवेकने छताकडे.

"काही नाही, सगळं छान आहे," उत्तरा म्हणाली.

काकू नुसत्या बसून राहिल्या. अनयला एखादा शब्द अडला की त्या अशाच बसायच्या, घाई न करता.

"बाथरूमच्या खिडकीतून वारा येतो," उत्तरा शेवटी म्हणाली.

"बरं. आणखी?"

"गराजचं दार अर्ध्यात अडकतं," विवेक म्हणाला.

"केव्हापासून?"

"आम्ही आलो तेव्हापासून."

काकूंच्या भुवया वर गेल्या. मग उत्तराचीही जीभ सैल झाली. सिंकचा नळ ठिबकतो. वरच्या मजल्यावरचा एक दिवा आपोआप बंद होतो. मागच्या पायऱ्यांची एक फळी हलते. ती सांगत गेली आणि सांगता सांगता तिला इतकं हलकं वाटत गेलं, की ओव्हनचं झाकणसुद्धा सांगून झालं, जे तिने स्वतःच पाडलं होतं.

"द टॉयलेट सिंग्ज," अनय म्हणाला.

"मराठीत."

"संडास गाणं म्हणतो."

"बास," काकू म्हणाल्या आणि खुर्चीत मागे टेकल्या. "घरमालकीण दमली. उत्तरा, आता मला काकू म्हण आणि चहा टाक."