दहापैकी दहा, एकेचाळीस वेळा

बाबांच्या गाडीने शोरूमची काच फुटली. फुटली नाही. शोरूमवाल्यांचं म्हणणं तसंच आहे, कारण काच फुटली असं लिहिलं की का फुटली तेही लिहावं लागतं. तेव्हा काच शाबूत आहे असं धरून पुढे जाऊ.

"बसा ना सर," मॅनेजर म्हणाला.

बाबा बसलेलेच होते. मीही बसलो होतो. उभा फक्त मॅनेजर होता.

"एवढी शेवटची ओळ खोडा," बाबा म्हणाले आणि कागद पुढे सरकवला. कागदावर लिहिलं होतं : गाडीत दोष आढळला नाही. चालकाची चूक.

बाबा तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. पंधरा दिवसांपूर्वी एका वळणावर गाडीचं इंजिन आपोआप बंद पडलं, स्टिअरिंग दगड झालं, गाडी दुभाजकावर चढली आणि शेजारी बसलेल्या आईचं मनगट मोडलं. कंपनीने गाडी चार दिवस ठेवून घेतली, धुऊन दिली आणि सोबत हा कागद दिला. असल्या कागदांना पाय असतात. तो चालत चालत ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकापर्यंत गेला. मालक भला माणूस. त्याने बाबांना काढलं नाही, वर्गात बसवलं. आता बाबा हातात पट्टी घेऊन तक्त्यावरच्या खुणा दाखवतात. हे वळण. हा चढ. पुढे शाळा आहे. रस्ता खिडकीतून दिसतो.

"ही ओळ असेपर्यंत मालक मला गाडीत बसवणार नाही," बाबा म्हणाले.

"सर, सिस्टीममध्ये गेलंय ते."

"मग सिस्टीममधून काढा."

मॅनेजर हसला. लहान मूल चंद्र मागतं तेव्हा मोठी माणसं हसतात तसा. मला त्याच्या टायची गाठ आणखी थोडी आवळावीशी वाटली, पण मी मदतीला आलो होतो.

या कंपनीवर बाबांचा जीव किती होता, ते सांगायला हवं. मी त्यांच्या पहिल्या गाडीच्या मागच्या सीटवर जन्मलो. गाडी बंद पडली म्हणून नव्हे, दवाखान्याबाहेर पार्किंग मिळेना म्हणून. बाबांनी त्याचं श्रेय कंपनीला दिलं. "दुसरी गाडी असती तर एवढी ऐसपैस सीट मिळाली असती का?" असं ते आईला विचारत. आईचं यावरचं मत कोणी नोंदवलेलं नाही. दुसरी गाडी सोळा वर्षं चालली. मामाने वेगळ्या कंपनीची घेतली, तेव्हापासून मामाकडे निघालं की बाबांना पायी चालण्याचे फायदे आठवायचे. शिकायला येणारा प्रत्येक जण शेवटच्या दिवशी विचारी, "सर, कुठली घेऊ?" आणि बाबा सांगत. आमच्या गल्लीत या कंपनीच्या चौदा गाड्या आहेत. त्यातल्या अकरा बाबांच्या खात्यावर.

आणि ही तिसरी. आईचा हात मोडणारी.

मॅनेजरने स्क्रीन आमच्याकडे वळवला. "हे बघा सर. प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर कंपनीचा फोन येतो ना, किती गुण देणार म्हणून? तुम्ही आजवर एकेचाळीस वेळा दिलेत. एकेचाळीस वेळा दहापैकी दहा. गेल्या महिन्यातसुद्धा. म्हणजे गाडी उत्तम. हे आम्ही नाही, तुम्ही म्हणताय. गाडी उत्तम, म्हणजे मग राहिलं कोण?"

बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आमच्या घरात याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

त्या दहांची गोष्ट अशी. सर्व्हिसच्या काउंटरवर एक ताई बसतात. गाडी परत देताना दर वेळी त्या आवाज खाली आणून म्हणत, "काका, फोन येईल. दहाच सांगा हं. नऊ म्हणजे नापास. नऊ आले की मला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करतात." एकदा गाडीच्या डिकीत कोणाचा तरी डबा निघाला, तरी बाबांनी दहा दिले. कुणा बाईमाणसाला आपल्यापायी उभं राहावं लागू नये, एवढाच त्यांचा हिशेब.

"गेल्या महिन्यात मी गाडी बंद पडते म्हणून आणली होती," बाबा म्हणाले.

"पण गुण दहा दिलेत."

"ते गाडीला नव्हते दिले."

"फॉर्मवर तसा रकाना नाही सर."

बाबा उठले. "चावी घ्या. एसी लावा, हळू चालवा आणि डावीकडे वळा. बंद पडेल."

"नाही पडणार."

"मग चालवायला काय जातंय?"

मॅनेजर गाडीत बसला. बाबा सवयीने त्याच्या शेजारी बसले आणि सवयीनेच म्हणाले, "पट्टा लावा." वर्कशॉपमधून खाली येणारा उतार शोरूमशेजारी डावीकडे वळतो. गाडी तिथे आली, इंजिन गप्प झालं आणि मॅनेजर स्टिअरिंगशी झटू लागला. बाबांनी हँडब्रेक ओढला म्हणून गाडी निम्मीच आत गेली. बाकी काम काचेने केलं.

कोणाला खरचटलंही नाही. मॅनेजरच्या केसांत काचेचा चुरा चमकत होता.

"आता लिहा," बाबा म्हणाले. "दोनच पर्याय आहेत. गाडीत दोष, नाहीतर चालकाची चूक. मला कुठलंही चालेल."

मॅनेजरने केसांतला चुरा झटकला. मग तो म्हणाला, "कशाबद्दल लिहायचं?"

"काचेबद्दल."

"कुठली काच?"

दोन माणसं झाडू घेऊन आलीसुद्धा होती. तासाभरात नवी काच बसली. मी मोबाइलवर काढलेला फोटो मॅनेजरने शांतपणे पाहिला आणि म्हणाला, "छान आलाय."

आम्ही फाटकाशी आलो, तेव्हा ताई मागून आल्या. "काका, असल्या आणखी सहा गाड्या आल्यात. सहाही जणांना चालकाची चूकच लिहून दिली. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

"नाही सांगणार," बाबा म्हणाले.

घरी पोचतो तोच फोन आला, बाबांनी स्पीकर लावला. आजच्या भेटीबद्दल आपण किती गुण द्याल?

"शून्य द्या," आई म्हणाली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"बाबा, शून्यच," मी म्हणालो.

"शून्य हा पर्याय नाही," फोनमधली बाई म्हणाली. "एक ते दहा. गुण आपल्याला सेवा देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या नावावर जमा होतील." आणि तिने ताईंचं नाव घेतलं.

बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पाळ्या लालभडक. त्यांनी फोन इतका घट्ट धरला होता, की तो आता मोडेल असं मला वाटलं.

"दहा," ते म्हणाले.

 आई उठून आत गेली आणि एका हाताने भांडी आपटू लागली. एका हाताच्या मानाने आवाज पुष्कळ होता.

बाबा माझ्याकडे वळले. "टाईप कर," म्हणाले.

"प्रति, माननीय व्यवस्थापक. मी आपला सत्तावीस वर्षांचा समाधानी ग्राहक आहे. आपली गाडी घ्या, असे मी अकरा घरांना सांगितले, ही चालकाची चूक असून ती मला मान्य आहे. तरी ती माझ्या नावे नोंदवून घ्यावी, पत्नीच्या हाताची चूक आपण आपल्या नावे घ्यावी आणि तसे लेखी कळवून मला सोमवारपासून रस्त्यावर रुजू होण्यास मोकळे करावे, ही नम्र विनंती."